एक तारा, सहकुटुंब जाऊ नये

मावळात कुठं काय चांगलं खायला मिळतं हे माझ्या मामेसासऱ्यांइतकं कोणालाच ठाऊक नाही, आणि ते सांगायला त्यांच्याइतकं कोणी घाबरतही नाही. घोरावाडी स्टेशनापासून वलवणच्या धरणापर्यंतची एकूण एक मिसळ, खानावळ, भज्यांची गाडी आणि चहाची टपरी त्यांच्या जिभेवरून गेलेली आहे. कोणाकडचा वडा सकाळी चांगला असतो आणि दुपारी का नसतो, कोणाच्या रश्शात खोबरं भाजून पडतं आणि कोणाच्या नुसतंच पडतं, कुठला आचारी दर सोमवारी सासुरवाडीला जातो आणि म्हणून सोमवारी तिथं काय मागवू नये, हे सगळं त्यांना पाठ आहे. पण कोणी सहज विचारावं, "मामा, रविवारी पाहुणे येताहेत, कुठं नेऊ त्यांना?" की मामांचा चेहरा उतरतो. ते आधी दाराकडे बघतात, मग खिडकीकडे, मग माझ्या बायकोकडे, म्हणजे त्यांच्या भाचीकडे, आणि हळू आवाजात म्हणतात, "नेता कशाला कुठं? घरीच पिठलं टाका."

मामा रेल्वेत होते. गाडी सुटण्याआधी हातात लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांखाली वाकणारा, चाकं ठोकून बघणारा, ब्रेकच्या नळ्या चाचपणारा जो माणूस असतो ना, तो माणूस. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी लोणावळ्यात काढली. लोणावळा म्हणजे घाटाचं तोंड. तिथून गाडी खाली उतरायला लागली की तिला धरून ठेवणारा देव एकच, तो म्हणजे ब्रेक. मामांच्या हातून गेलेल्या एकाही गाडीला कधी काही झालं नाही, पण प्रत्येक गाडीला काहीतरी होणार याची त्यांना खात्री असायची, आणि निवृत्त होताना ही खात्री ते घरी घेऊन आले. "माझी नोकरीच भिण्याची होती," ते सांगतात. "जो भीत नाही त्याला त्या कामावर ठेवूच नये." मी तळेगावात शाळेत विज्ञान शिकवतो. मामांच्या या भीतीवर मी वीस-बावीस वर्षं मनसोक्त हसलो आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

त्यांच्याबरोबर हॉटेलात जाणं हा एक सोहळा असतो. आत शिरल्यावर ते मेनूकडे बघत नाहीत, छताकडे बघतात. पंखा हलतोय का, हलला तर किती, आणि पडलाच तर कोणाच्या डोक्यावर, याचा हिशेब झाल्याशिवाय कोणाला बसू देत नाहीत. मग गॅसचा सिलिंडर कुठं आहे, नळी नवी की जुनी, आणि दार आत उघडतं की बाहेर. बाकडं दोन्ही हातांनी हलवून बघायचं. पाण्याचा ग्लास नाकाशी न्यायचा. एकदा लोणावळ्याच्या बाजारातल्या एका हॉटेलात त्यांनी असं सगळं तपासलं, आणि वर खिशातून चष्मा काढून भिंतीवरचा परवाना वाचला. मालकाला वाटलं, खात्याचा माणूस आला. तो हात जोडून पुढे आला, टेबल स्वतः पुसलं आणि न मागता चार प्लेट भजी आणून ठेवली. झालं. मामा इतके घाबरले की आम्हा सगळ्यांना उठवून बाहेर रस्त्यावर घेऊन आले. "न मागता आणून देतोय म्हणजे याच्या मनात काहीतरी भीती आहे," ते म्हणाले. "आणि भीती आहे म्हणजे तेलात काहीतरी आहे."

पण ही झाली वरवरची भीती. मामांची खरी भीती वेगळी होती. त्यांची पक्की समजूत होती की आपण ज्या खाण्याच्या जागेला चांगलं म्हणतो ती जागा बंद पडते.

याला त्यांच्याकडे पुरावे होते. घोरावाडीला एक वडेवाला होता. त्याच्या दुकानात उभं राहून मामांनी एकदा चारचौघांत म्हटलं होतं, "असा वडा मी जन्मात खाल्ला नाही." महिन्याच्या आत दोघे भाऊ भांडले, कढई एकाकडे गेली आणि मसाल्याची कृती दुसऱ्याकडे. वडगावला एक डोसेवाला होता, त्याची पाठ मामांनी थोपटली, तर रस्ता रुंद करताना नेमकं त्याचंच दुकान गेलं. वलवणला एक आजी धरणाच्या बाजूला कांदाभजी तळायच्या. मामांनी त्यांचं नाव अख्ख्या रेल्वे कॉलनीत केलं, त्याबरोबर शनिवार-रविवारच्या गाड्यांची अशी रांग लागली की आजींच्या नातवानं भज्यांचं दुकान मोडून तिथं पिझ्झ्याची भट्टी लावली. मी त्यांना समजावलं की मामा, जगात भाऊ भांडतच असतात, रस्ते रुंद होतच असतात, याला योगायोग म्हणतात. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "आमच्याकडे 'गाडी उत्तम आहे' असं लिहायची पद्धत नव्हती, जावईबापू. 'दोष आढळला नाही', एवढंच. उत्तम म्हटलं की काहीतरी बिघडतं."

मग मामांनी उलटं बोलायला सुरुवात केली. जी जागा आवडली तिला नावं ठेवायची, आणि जितकी जास्त आवडली तितकी जास्त नावं ठेवायची. "टुकार आहे" म्हणाले की समजावं, जेवण फर्मास. "माणसानं जाऊ नये तिथं" म्हणाले की पायात चपला सरकवाव्यात. आणि "बरं आहे, चांगलं आहे" म्हणाले तर तिकडे फिरकू नये, कारण ती जागा बंद पडली तरी त्यांची काही हरकत नसायची. हिला ही भाषा लहानपणापासून येत होती. मी लग्नानंतर शिकलो. बाहेरच्यांची मात्र पंचाईत व्हायची. आमच्या एका भाच्याचं लग्न ठरत होतं. मुलीचे वडील नाशिकचे, खाण्याचे शौकीन. त्यांनी मामांना हायवेवरच्या एका जागेबद्दल विचारलं. मामांना ती जागा अजिबात आवडत नसे, म्हणून त्यांनी निर्धास्तपणे सांगितलं, "फार छान आहे, अवश्य जा." ते कुटुंबासकट जाऊन जेवले. दोन दिवस त्यांच्याकडून फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की तुमच्या घरी रोजचं जेवण साधारण कसं असतं. लग्न मोडता मोडता राहिलं.

मामांच्या या उलट्या यादीत सगळ्यात वाईट शेरे ज्या जागेला होते ती म्हणजे कामशेतच्या बाजारामागची एक खानावळ. सहा बाकडी, निळी भिंत, भिंतीवर बुद्धाचा फोटो, आणि चुलीशी एक पन्नाशी ओलांडलेल्या मावशी. तांदळाची भाकरी, हुलग्याची पिठी, सुकटीची चटणी, पावसाळ्यात खेकड्याचा रस्सा आणि इंद्रायणीचा गरम भात. मामी गेल्यानंतर मामा दर मंगळवारी आणि शुक्रवारी लोकलनं कामशेतला जाऊन तिथं जेवायचे. सात वर्षं. आल्यावर आमच्याकडे चहाला थांबायचे आणि म्हणायचे, "काय भाकरी होती आज, खेटराच्या लायकीची," आणि त्यांचे डोळे भरून आलेले असायचे.

त्या जागेची त्यांना इतकी काळजी होती की एकदा ते लिंबू-मिरची घेऊन गेले. दारावर तसलं काही नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं आणि त्यांची झोप उडाली होती. मावशींची नजर चुकवून त्यांनी ती खिडकीच्या गजाला बांधली. मंगळवारी बांधलेली शुक्रवारी नव्हती. पुन्हा बांधली, पुन्हा गायब. मावशींची मुलगी प्रज्ञा शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला होती. झाडताना ती ते काढून लिंबू सरबतात आणि मिरच्या ठेच्यात घालत होती, हे मामांना फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा ते त्यातलं सरबत दोनदा प्यायलेले होते, आणि त्यांनी आठवडाभर स्वतःची नाडी बघितली.

गोष्ट एवढ्यावर राहिली असती तर बरं झालं असतं. पण भाच्यानं त्यांना नवा फोन घेऊन दिला, आणि फोनमधल्या नकाशावर कुठल्याही हॉटेलाबद्दल आपलं मत लिहिता येतं, तारे देता येतात, हे त्यांना समजलं. मामांना हे शस्त्रच मिळालं. लोणावळ्याला येणारी पुण्या-मुंबईची गर्दी फोन बघून जेवायला कुठं जायचं ते ठरवते. तेव्हा आपल्या लाडक्या जागा वाचवायच्या तर त्यांना एकेक तारा दिला पाहिजे. त्यांनी पद्धतशीर काम केलं. घोरावाडीची मिसळ, एक तारा. कान्हे स्टेशनाबाहेरचा चहा, एक तारा. कामशेतच्या खानावळीला त्यांनी सगळ्यात मन लावून लिहिलं: "भाकरी चिवट. रस्सा पाणचट. पंखा डोक्यावर पडण्याच्या बेतात. एक तारा, तोही नाइलाजानं. सहकुटुंब जाऊ नये." खाली लिहिलं, रेल्वेतील निवृत्त तपासनीस. मला वाचून दाखवलं तेव्हा मी इतका हसलो की ठसका लागला. तेव्हाच थांबवायला हवं होतं, हे आता कळतं. नंतर तो फोन एका टपरीवर पाण्याच्या पिंपात पडला, दुसरा आला, आणि लिहिलेलं जिथल्या तिथं राहिलं.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता, एका मंगळवारी मधल्या सुट्टीत शाळेचा शिपाई मला बोलवायला आला. "सर, तुमचे पाहुणे आलेत. बरं नाही बहुतेक त्यांना." मी धावत गेलो. मामा फाटकाशी बाकावर बसले होते. चेहरा पांढरा. सुकटीचा वास येत होता, म्हणजे कामशेतहून थेट आले होते आणि हातसुद्धा धड धुतला नव्हता. मी विचारलं, "मामा, काय होतंय?" ते म्हणाले, "जावईबापू, मी एक खानावळ मारली."

मग तुकड्यातुकड्यांत कळलं ते असं. खानावळ वर्षभर नीट चालत नव्हती. तांदळाच्या बाजाराला येणारी माणसं आता जेवायला थांबत नव्हती, काम उरकून मोटरसायकलवर बसून घरी जात होती. मावशींनी ठरवलं होतं की दिवाळीपर्यंत बघायचं, नाहीतर बंद करायचं. तेवढ्यात प्रज्ञानं खटपट करून एका कंपनीला रोजचे डबे पुरवायचं काम जवळजवळ मिळवलं होतं. आणि त्या कंपनीच्या माणसानं फोन करून सांगितलं होतं, "तुमच्याबद्दल आम्ही बघितलं. एकच मत आहे, आणि ते फार वाईट आहे. एका तपासनिसाचं आहे. तरी शुक्रवारी येऊन जेवून बघतो, मग ठरवू." हे सगळं मावशींनी मामांच्याच पानात भाकरी वाढता वाढता मामांना सांगितलं. "कोन मानूस आसंल वो भाऊ?" त्यांनी विचारलं होतं. "आमी त्याचं काय वाकडं केलं आसंल? हितं येऊन जेवून गेला, आन आसं लिवलं." मामांच्या हातातला घास खाली पडला होता.

पुढचे तीन दिवस मी मामांना पहिल्यांदा खरोखर घाबरलेलं बघितलं. एरवीची त्यांची भीती म्हणजे एक छंद होता. ही भीती तशी नव्हती. ते जेवत नव्हते. पेपर उलटा धरून बसत होते. लिहिलेलं पुसून टाकू म्हटलं तर ते जुन्या फोनवरून लिहिलेलं, त्याचा परवलीचा शब्द एका चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी त्या फोनच्या कव्हरात पिंपातच विरघळलेली. मी म्हटलं, "सोपं आहे. आपण घरातले दहाजण चांगलं लिहू. पाच-पाच तारे देऊ." मामा ताडकन उभे राहिले. "दहाजण? दहाजणांनी एका दमात चांगलं म्हटलं तर भिंत पडेल तिची." मी चिडलो. म्हटलं, "अहो, मग करायचं काय? वाईट ठेवलं तर काम जाईल, चांगलं म्हटलं तर भिंत पडेल." मामा खाली बसले आणि म्हणाले, "तेच तर. दोन्हीकडून उतार आहे आणि ब्रेक कुठंच नाही." यावर मला हसू आलं नाही. मलाही भीती वाटू लागली होती, त्यांची दृष्ट लागण्याची नाही. शुक्रवारनंतर मामांचं काय होईल याची.

शुक्रवारी मी शाळेत रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर निघालो. त्यांचं म्हणणं होतं की जाऊन खरं सांगायचं. वडगाव आलं तसे ते अचानक उठले आणि गाडीतून उतरले. मी मागोमाग उडी टाकली. फलाटावर विचारलं तर म्हणाले, "जमणार नाही मला." लोकल निघून गेली. आम्ही पुढच्या गाडीची वाट बघत बसलो. मामांनी चहा नको म्हटलं, पाणी नको म्हटलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "घाटात गाडी सोडताना एवढी भीती वाटली नाही कधी. तिथं निदान हातोडी होती हातात." पुढची गाडी आली तेव्हा मी त्यांचा दंड धरला होता, पण चढले ते स्वतःच.

खानावळीत कंपनीचा माणूस आधीच येऊन बसला होता. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, नेमका पंख्याखाली. प्रज्ञा वाढत होती, मावशी चुलीशी. बाकी सगळी बाकडी रिकामी. आम्ही दाराजवळच्या बाकड्यावर बसलो. मामांनी त्या दिवशी बाकडं हलवून बघितलं नाही. तो माणूस मान खाली घालून जेवला. भाकरी संपवली, भात घेतला, रस्सा दोनदा मागून घेतला. मग हात पुसून त्यानं फोन काढला आणि ते शेरे मोठ्यानं वाचले. चिवट, पाणचट, पंखा, सहकुटुंब. वाचून मावशींना विचारलं, "हे काय आहे, मावशी?"

मावशी तव्याकडे बघत म्हणाल्या, "मी खोटं हाय म्हनून कसं सांगू सायेब? बनवनारीनं सांगू न्हाई, खानाऱ्यानं सांगावं."

मामा उभे राहिले. एका हातानं त्यांनी भिंत धरली होती. "ते मी लिहिलंय," ते म्हणाले.

प्रज्ञाच्या हातात भाताचं पातेलं होतं, ते तिनं खाली ठेवलं. मावशींनी मान वळवली आणि नुसत्या बघत राहिल्या. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी त्यांचं तिकडे लक्ष गेलं नाही. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मामांनी सगळं सांगितलं: वडेवाला, डोसेवाला, वलवणच्या आजी, दृष्ट लागेल ही भीती, लिंबू-मिरचीसकट सगळं.

"आमच्यात दिष्ट-बिष्ट मानत न्हाईत, भाऊ," मावशी शेवटी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "आमच्यात चांगल्याला चांगलं म्हनत्यात. सात वर्सं तुमी हितं जेवताय. मी दर टायमाला तुमच्या तोंडाकडं बगत हुते. ह्या मानसाला आवडतंय का न्हाई, मला कदी कळलंच न्हाई. वाटायचं, दुसरीकडं कुटं सोय न्हाई म्हनून येत आसतील."

मग त्यांनी विचारलं, "घरी वैनींना तरी म्हनायचा का?"

"नाही," मामा म्हणाले. "तिला तर नाहीच. छत्तीस वर्षं जेवलो तिच्या हातचं. 'मीठ कमी आहे' म्हणायचो. मीठ कधी कमी नसायचं." ते थांबले. "एवढं जपलं. तरी गेलीच ती."

मग ते त्या कंपनीच्या माणसाकडे वळले. आयुष्यभर ज्या आवाजात त्यांनी साहेबाला अहवाल दिला असेल त्या आवाजात एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "भाकरी उत्तम आहे. रस्सा उत्तम आहे. भात उत्तम आहे. मावळात याच्यापेक्षा चांगलं जेवण मला माहीत नाही, आणि मला सगळं माहीत आहे." एवढं बोलून त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि मान खांद्यात ओढून घेतली. मीही, खोटं कशाला सांगू, वर पंख्याकडे बघितलं. पंखा फिरत होता.

तो माणूस जरा गोंधळला होता. "आजोबा, मग मी आधीचं खरं धरू की आताचं?" त्यानं विचारलं.

"आताचं," मामा डोळे न उघडता म्हणाले. "आधीचं घरी बसून लिहिलं होतं. आता पाय लटपटताहेत. एवढं भिऊन कोणी खोटं बोलत नाही."

सोमवारपासून डबे सुरू झाले. चाळीस डब्यांपासून सुरुवात झाली. मामा दोन महिने रोज सकाळी प्रज्ञाला फोन करून सगळं ठीक आहे ना विचारायचे, आणि तिनं ठीक आहे म्हटलं तरी दुपारी परत विचारायचे. मावशींनी त्यांच्यावर राग धरला नाही, पण लगेच सोडलाही नाही. पहिल्या काही शुक्रवारी त्या पान वाढायच्या आणि समोर उभ्या राहायच्या, आणि मामांनी घास घेऊन "चांगलं झालंय" म्हटल्याशिवाय हलायच्या नाहीत. मामा प्रत्येक वेळी घाम पुसत म्हणायचे.

मग डबे वाढत गेले. साठ झाले, नव्वद झाले, दुसऱ्या एका कंपनीनंही मागितले. आणि यंदा संक्रांतीच्या आसपास एका शुक्रवारी आम्ही दोघं गेलो, तर दारावर पाटी होती: "फक्त डब्यांची ऑर्डर. बसून जेवण बंद." आत सहाही बाकडी काढलेली. त्या जागी चार बायका पोळपाट घेऊन बसल्या होत्या, भिंतीशी डब्यांचे मनोरे होते आणि मावशी मधोमध उभ्या राहून कोणाला तरी मीठ किती घालायचं ते सांगत होत्या. चांगलं म्हटलं आणि बंद पडली. मामांच्या तोंडाकडे बघायची मला हिंमत होईना.

मामांनी पाटी दोनदा वाचली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मावशी पिठाच्या हातानंच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, बाकडी काडली, काय करनार, जागाच न्हाई. तुमच्यासाठी डबा भरू का?" मामा म्हणाले, "नको, मावशी. कामाची वेळ आहे, तुमचं चालू द्या." मावशींनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "लय वाईट वाटलं का वो?" मामा म्हणाले, "वाटलं. पण आतून आवाज चांगला येतोय." आम्ही परत निघालो. गाडीत मी वाट बघत होतो की आता म्हणतील, बघा, मी म्हटलं नव्हतं? ते एवढंच म्हणाले की मावशी आता उभ्या आहेत, आधी वाकलेल्या असायच्या.

आता मामा शुक्रवारी आमच्याकडे जेवतात. सत्तरी उलटली आहे, लोकलची उंच पायरी त्यांना चढवत नाही, त्यामुळे वलवण, लोणावळा सगळं लांब पडलंय. परवाच्या शुक्रवारी हिनं साधीच चिंचगुळाची आमटी केली होती. मामांनी भुरका मारला, वाटी खाली ठेवली आणि भाचीकडे बघून म्हणाले, "आमटी फार चांगली झाली आहे. तुझ्या मामीसारखी." ही ओट्याशी पळी हातात धरून उभी राहिली. लहानपणापासून त्यांच्याकडून तिनं असलं काही ऐकलेलं नव्हतं. आणि मी, विज्ञान शिकवणारा माणूस, सांगायला लाज वाटते, माझ्या अंगावर काटा आला. मी चटकन वळून हिच्याकडे बघितलं. धडधाकट होती. तरी मी परत एकदा बघितलं. मला मामांना म्हणायचं होतं की मामा, हिला नका म्हणू, बाकी कोणालाही म्हणा.

ते म्हणायच्या ऐवजी मी आमटीचा भुरका मारला आणि म्हटलं, "खरंच, छान झालीये." ही माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "तुम्हाला काय झालं आज?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की लग्नाला बावीस वर्षं झाली आणि हे मीही तिला पहिल्यांदाच म्हणत होतो. मामा निदान भीतीपोटी गप्प होते. मला तर कसलीच भीती नव्हती.